चंदाच्या हवाबंद पेट्या

आमली, सिल्वासा
१२ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली उभ्यानेच.)

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. भाऊजींनी ज्या यार्डात तीस वर्षं होड्या बांधल्या, त्याची जागाच विकली गेली म्हणजे कमाल झाली. भाऊजी गेल्यावरही मालकांनी त्यांच्या दोन्ही होड्या तीन वर्षं शेडमध्ये राहू दिल्या, हा त्यांचा चांगुलपणा. पण आता पंधरा डिसेंबरला शेड रिकामी करायची, आणि हायवेवरचा तो हॉटेलवाला एका होडीचं आईस्क्रीमचं काउंटर करणार, हे वाचून विजयाच्या हातातली पळी थांबली.

तू विचारतेस, दुसरी तरी मी ठेवून घेईन का? अगं, आनंदाने! इथे दुधनीला धरणाचं अफाट पाणी पसरलंय. प्रश्न एवढाच, की कोणती? मी विज्ञानाचा शिक्षक आहे, आंधळेपणाने निवडणार नाही. शाळेच्या ग्रंथालयातलं नौकानयनावरचं पुस्तक आणून मी दोघींना शंभरपैकी गुण दिले. फिरायची ती निळी कमळाबाई: ऐसपैस, छोटी केबिन, डबा ठेवायला जागा. आरामात पूर्ण गुण, वेगात काठावर पास. शर्यतीची ती पांढरी चंदा: सडपातळ, हलकी, वेगात पहिली. चंदा अठ्ठ्याहत्तर, कमळाबाई एकसष्ट. तेव्हा चंदा.

मी दोघींपैकी एकीतही बसलेलो नाही, पण त्याने काही बिघडत नाही. मी सूर्यावरही गेलेलो नाही, तरी वीस वर्षं शिकवतो आहे.

तुला यातलं फारसं कळायचं नाही, म्हणून सोपं करून सांगतो. वारा पाठीमागून आला, की होडी सर्वांत जोरात पळते. भाऊजी शर्यती मारायचे आणि तू बिचारी डबा घेऊन काठावर बसायचीस, तेव्हा हे कधी लक्षात आलं नसेल.

विजया म्हणते, कमळाबाईच घ्या, तिला छप्पर तरी आहे. तिला शर्यतीतलं काही समजत नाही.

तुझा,
अनंत

•

माझगाव, मुंबई
२१ ऑक्टोबर १९९१

चि. अनंतास अनेक आशीर्वाद, गुडघ्यांसकट.

पुस्तक ग्रंथालयात परत कर. वारा अगदी पाठीमागून आला की होडी आळसावते. बाजूने आला की पळते. असं हे म्हणायचे.

आता दोघींविषयी नीट ऐक. कमळाबाई सतरा फुटांची, सहासष्ट सालची. यांच्या आत्याबाईंचं नाव दिलं, कारण दोघींचा घेर सारखा आणि दोघींना राग येत नाही. तिच्या पोटाखाली लोखंडाचं वजन आहे. जोराचा झोत आला तर थोडी कलते आणि पुन्हा सरळ होते. सुकाणू सोडून चिवडा खाल्लास तरी चालतं. केबिनमध्ये दोन माणसं झोपू शकतात, दोघंही जेवलेली नसतील तर. एकदा घारापुरीला निघालो, तर भरतीने तिला उलटी परत आणून धक्क्यालाच लावली. तिच्यात तीन तास झाले तरी चहा सांडत नाही.

चंदा चौदा फुटांची, अडुसष्टची. खाली वजन नाही. तोल सांभाळायला चालवणाऱ्याने पट्टीत पाय अडकवून पाण्यावर बाहेर लवायचं असतं. तिच्यात बसायचं नसतं, तिच्याबाहेर बसायचं असतं. पोटाचे स्नायू दुसऱ्या दिवशी हसूही देत नाहीत. चुकलास की ती उलटते. बुडत मात्र नाही, कारण दोन्ही बाजूंना हवाबंद पेट्या आहेत. आणि वारा बाजूने नीट मिळाला, की ती पाण्यात राहतच नाही, पाण्याच्या वर चढून पळते. तेव्हा सुकाणू हातात गुणगुणायला लागतं. असं हे सांगायचे.

तू चौऱ्याऐंशी किलोचा गृहस्थ. तुला कमळाबाई योग्य. चंदाला हॉटेलवाला नेईल. ठेवू दे तिच्यावर आईस्क्रीम.

योगेश आणि मृणालने पुण्याला माझी खोली रंगवून ठेवली आहे. जानेवारीत कायमची चल म्हणतात. गॅलरीतून टेकडी दिसते म्हणे. पाणी कुठे दिसतं, ते मी विचारलं नाही. उगाच सुनेला वाटायचं, सासूबाई खोड काढतात.

शैलजाताई

•

आमली, सिल्वासा
१४ नोव्हेंबर १९९१

ती. ताईस,

स. न. वि. वि. दिवाळीचा फराळ पोचला. चकल्या इथल्या शेजाऱ्यांपर्यंत पोचल्या नाहीत, यावरून काय ते समज.

होडीविषयी तुझं म्हणणं मी मनापासून वाचलं आणि नाकारलं. कारण ऐक. दिवाळीच्या सुट्टीत मी दुधनीला जाऊन आलो. तिथल्या मासे धरणाऱ्या लोकांनी सांगितलं, की पाण्याखाली जुनी झाडं आहेत, धरण भरलं तेव्हाची. कमळाबाईचं लोखंडी पोट पहिल्याच खोडात अडकून बसेल. चंदाचं मधलं पातं वर ओढून घेता येतं. आहे उत्तर?

दादऱ्याच्या वनगंगा तलावावरही जाऊन आलो. पावलांनी मोजला. चंदा तिथे सुटली की दोन मिनिटांत बागेतल्या बाकावर चढेल. म्हणून दुधनीच.

दुसरं असं, की माघार घेण्याची सोय आता राहिलेली नाही. आमचे पीटीचे सुकदेव सर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘पोतनीस सर, तुमची शिडाची होडी येऊ द्या. मी लाकडाच्या डोंगीतून वल्हं मारत येतो. बेटाला वळसा घालून पहिला कोण, पाहू.’’ मी म्हटलं, पाहू. बारा जानेवारी, रविवार. मुख्याध्यापकसुद्धा येणार आहेत.

सराव सुरू आहे. गच्चीवर खाट, खाटेला बांबू, बांबूला विजयाची चादर, समोर टेबलफॅन. काल बाहेर लवण्याचा सराव करताना मी शेजारच्या कोंडाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडलो. आमच्या खालच्या खोलीत गोकुळ राहतो, शिरपूरकडचा, इथे फायबरच्या पाण्याच्या टाक्यांच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, ‘‘मास्तर, पंखा बंद करून पाहा, तरी खाट तेवढीच पळेल.’’ विज्ञानाची जाण नाही, पण माणूस गुणी आहे. त्याच्या कंपनीचा टेम्पो मुंबईला टाक्या पोचवून रिकामा परततो, तो मिळणार आहे. चंदाला टाक्यांच्या आवारात जागाही मिळाली.

आठ डिसेंबरला येतो.

अनंत

•

(पोस्टकार्ड)
माझगाव, २२ नोव्हेंबर १९९१

चि. अनंतास आशीर्वाद. झाडांचं तू म्हणालास ते खरं. मला सुचलं नव्हतं. ने चंदाला. कमळाबाईला हॉटेलवाला नेईल. डोक्यावर आईस्क्रीम ठेवलं म्हणून ती तोंड वाकडं करणारी नाही. शीड मी घडी करून ठेवलं आहे, पुन्हा उलगडू नकोस. आणि काही झालं तरी हवेच्या पेट्यांना हात लावायचा नाही. कापू नकोस, ठोकू नकोस, उघडून पाहू नकोस. कोणी सांगितलं तरी नाही. विजयाला सांग, पापड कोंडाबाईंना नवे करून दे. ताई

•

आमली, सिल्वासा
१० डिसेंबर १९९१

ती. ताईस,

स. न. वि. वि. चंदा सुखरूप पोचली. आवारात काळ्या टाक्यांच्या मधोमध ती पांढरीशुभ्र उभी आहे आणि जेवणाच्या सुट्टीत सगळी कंपनी तिला पाहायला येते.

टेम्पोत दोऱ्या तू स्वतः बांधल्यास, त्या एवढ्या रस्त्यात तसूभरही ढिल्या पडल्या नाहीत. भाऊजींनी तुला गाठी तरी शिकवल्या होत्या म्हणायच्या. शेडमधली धूळ मात्र तुला फार बाधली. टेम्पो निघताना तुझे डोळे किती लाल झाले होते! गुलाबपाणी घाल.

प्रवासात काही विशेष घडलं नाही. हद्दीवरच्या नाक्यावर पाच-दहा मिनिटं थांबलो, तेवढंच.

सहज एक शास्त्रीय शंका. समजा एखादी हवाबंद पेटी आहे, आणि समजा तिला एक बारीक भोक पडलं, शेंगदाण्याएवढं, तर तिच्या कामात कितपत फरक पडतो? वर्गात एका मुलाने विचारलं.

अनंत

•

माझगाव, १४ डिसेंबर १९९१

अनंता,

किती भोकं?

खरा आकडा कळव.

ताई

•

आमली, सिल्वासा
२० डिसेंबर १९९१

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर, गुडघे टेकून.

झालं असं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी नाक्यावर थांबवतात. तिथला शिपाई चंदावर टकटक करत म्हणाला, ‘‘पेटी में क्या है, साहेब?’’ मी म्हटलं, हवा. तो हसला. बस, एवढंच झालं. तो नुसता हसला आणि ‘‘जाओ’’ म्हणाला.

पण ताई, मागे दोन माणसं उभी होती, तीही हसली. वीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवतो आहे. माझ्या होडीत दारू आहे असं तीन माणसांना वाटावं, आणि मी निमूट निघून जावं? मी टेम्पोवाल्याला थांबवलं. शेजारच्या गॅरेजमधून हाताचा गिरमिट आणला आणि त्या शिपायासमोर पेटीला भोक पाडलं. तो म्हणत होता, ‘‘अरे साहेब, रहने दो, मेरी ड्यूटी खतम हो रही है.’’ मी म्हटलं, आता दुसरीही बघा. मग दुसऱ्या पेटीला पाडलं. शेवटी त्याला वास घ्यायला लावला. तो म्हणाला, ‘‘हवा ही है.’’ मला फार समाधान वाटलं. पुढच्या वळणावर तुझं पोस्टकार्ड आठवलं.

भोकं तीन. गोकुळला तिन्ही दाखवली. त्याने कानशीने घासून, फायबरची चटई आणि रेझिन लावून ती अशी बुजवली, की बोट फिरवलं तरी कळत नाही. काळजी नसावी.

तुझ्या त्या दोन ओळींच्या पत्रानंतर मी दोन दिवस नीट जेवलो नाही. भाऊजींची एवढी आठवण तू माझ्या हाती दिलीस आणि मी पहिल्या दिवशी तिला गिरमिट लावला.

तुझा अपराधी,
अनंत

•

आमली, सिल्वासा
१५ जानेवारी १९९२

ती. वन्संना विजयाचा सा. नमस्कार.

तिळगूळ सोबत पाठवला आहे. ‘हे’ शर्यतीविषयी स्वतः लिहिणार होते, पण चार मसुदे फाडले. पहिल्यात ‘निकालाबद्दल मतभेद आहेत’ असं होतं. म्हणून मीच लिहिते.

रविवारी सकाळी आम्ही सगळे दुधनीला पोचलो. मी पोहे नेले होते. मुख्याध्यापकांनी रुमाल हलवला आणि वाऱ्याने तोंड फिरवलं. चाळीस मिनिटं चंदा काठापासून वीस हातांवर उभी. हे शिडाकडे बघत होते आणि आम्ही ह्यांच्याकडे. सुकदेव सर बेटावर पोचून तिथे कोणाकडे चहाही पिऊन आले.

मग बाजूने वारा सुटला. वन्सं, खोटं नाही सांगत, चंदा अशी निघाली की माझ्या हातातली पोह्यांची ताटली तशीच राहिली. ह्यांनी आनंदाने आरोळी ठोकली. बेटाला वळसाही घातला. सुकदेव सर मागे पडले. परतताना मात्र ती डावीकडे कलायला लागली. आम्हाला वाटलं, शर्यतीत असंच असतं. हे जोर करून बाहेर लवत होते. मग आमच्या लक्षात आलं, की हे लवताहेत तेही पाण्यात.

सुकदेव सरांनी डोंगी जवळ आणली आणि विचारलं, ‘‘सर, शर्यत सोडली का?’’ हे कमरेपर्यंत पाण्यात बसून म्हणाले, ‘‘मी अजून होडीत आहे.’’ छातीपर्यंत गेल्यावर डोंगीत चढले. सुकदेव सरांनी शर्यत अर्ध्यावर टाकली आणि दोघांनी मिळून चंदाला ओढत काठाला आणलं. माणूस मनाने फार मोठा हो.

गोकुळने चंदाला उलटी केली, तर डाव्या पेटीला मागे, खालच्या अंगाला एक भोक! गोकुळ म्हणाला, ‘‘मास्तर, मला तीन सांगेल होते तुम्ही.’’ ह्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. प्रत्येक पेटीला दोन-दोन, अशी चार पाडली होती. दोन्हीकडे दोन म्हणजे पुरावा पक्का, असं त्या वेळी वाटलं. नंतर लाज वाटली आणि शेवटचं, दिसत नव्हतं म्हणून, कोणालाच सांगितलं नाही. गणितात कच्चे नाहीत हो हे, फक्त स्वतःची चूक सांगताना एक कमी सांगतात.

तुम्ही रागावलात तरी चालेल, पण पत्र लिहा. हे घरात मांजरासारखे भिंतीकडेने चालताहेत.

तुमची,
विजया

•

आमली, सिल्वासा
२३ जानेवारी १९९२

ती. ताईस,

भोकं चार होती. आता कसलीही लपवाछपवी नाही.

पेटीत पाणी साचलं म्हणून गोकुळने ती आतून वाळवायला एक चौकोन कापला. पुन्हा बसवता येतो म्हणाला. कापला आणि लगेच बॅटरी लावून आत डोकावला. मी विचारलं, काय शोधतोस? तो म्हणाला, ‘‘नाव. आम्ही बी टाकीत आतून नाव लिहितो मास्तर. चटईवर पेन्सिलनं लिहायचं, वरून रेझिन मारायचं. मालकाला दिसत नाही, पण जन्मभर जात नाही. ज्यानं ही बनवली, त्यानं लिहेल असेल.’’

होतं, ताई. भाऊजींचं अक्षर. जसंच्या तसं उतरवतो.

‘चंदा. शैलजासाठी. वजन तिच्या मापाने, अठ्ठेचाळीस किलो. दुसऱ्या कोणी चालवू नये, बुडेल. – स. दिघे, मार्च १९६८.’

मी ते तीनदा वाचलं. मग त्या आवारात, टाक्यांच्या मधे एका उलट्या बादलीवर बसलो. गाठी आठवल्या. ‘सुकाणू हातात गुणगुणायला लागतं’ आठवलं. हे काठावर बसलेल्या बाईचं वाक्य नव्हे. आणि तू मला कमळाबाई गळ्यात मारत होतीस ती माझ्या गुडघ्यांच्या काळजीने नाही, माझा जीव वाचावा म्हणून. त्यासाठी स्वतःची होडी आईस्क्रीमवाल्याला द्यायला निघाली होतीस. त्या दिवशी शेडमध्ये धूळ नव्हतीच.

मी तुला वारा समजावून सांगितला, ताई. सोपं करून. ते पत्र सापडलं तर जाळून टाक.

मला फार लाज वाटते, आणि फार अभिमानही वाटतो, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकदम वाटायची मला सवय नाही. गोकुळने पेटी बंद करण्याआधी चारही भोकं मोजली, मीही मोजली, विजयानेही मोजली. सुकदेव सर म्हणतात, शर्यत पूर्ण झालेलीच नाही, पुन्हा घ्यावी लागेल.

फक्त एक विचारतो. तुझं हल्लीचं वजन किती?

अनंत

•

माझगाव, मुंबई
३१ जानेवारी १९९२

चि. अनंतास आशीर्वाद.

एकोणपन्नास. एक किलो विजयाच्या तिळगुळाचा.

यांनी आत काही लिहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं मी त्या पेटीवर बसत होते. यार्डात सगळे म्हणायचे, दिघे आपल्या कामावर कधी नाव टाकत नाहीत. तुझं पत्र घेऊन मी बराच वेळ खिडकीपाशी उभी होते आणि पोटभर रडले. बरं वाटलं. तू भोकं पाडली नसतीस तर हे मला कधीच कळलं नसतं, तेव्हा चारही माफ. पाचवं पाडलंस तर बघ.

आता खरं सांगते. कपाटातल्या शर्यतींच्या चार कपांपैकी तीन माझे आहेत. यांचा एकच, तोही कमळाबाईतून सगळ्या शर्यतींत शेवटून पहिले येऊनही न चिडल्याबद्दल मित्रांनी गंमत म्हणून दिलेला. मी यांची टोपी घालून जायची, यादीत नाव यांचं असायचं. सासूबाई होत्या तोवर सांगायची सोय नव्हती, आणि त्या गेल्या तोवर न सांगायची सवय झाली होती. डबा मात्र खराच असायचा. तो घेऊन हे काठावर बसायचे आणि मी वळसा घालून येईपर्यंत अर्धा संपवायचे.

योगेशला काल फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आई, म्हणजे दर रविवारी तू ओली होऊन यायचीस ती भाजी आणताना पाऊस लागला म्हणून नाही?’’ मुंबईत बारा महिने पाऊस पडतो, असं तो दहा वर्षांचा होईपर्यंत धरून चालला होता. पुण्याची खोली सध्या राहू दे म्हटलं. टेकडी काही कुठे जात नाही.

शनिवारी आठ फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने वापीला उतरते. मला न्यायला ये. सुकदेव सरांना कळव, रविवार, तीच जागा, तोच वळसा. त्यांना म्हणावं, चहा या वेळी परत आल्यावर प्या. गोकुळला काठावर उभं कर, माझ्या माणसांत यांच्यानंतर त्यालाच फायबर कळतं.

विजयाला पोहे करायला सांग. आणि अनंता, तू होडीला हात लावू नकोस. डबा घेऊन काठावर बस.

ताई